सात नंबरची टाकी

केम्चीत पाऊस पडत नाही, तो असतोच.
पत्र्याखाली चोवीस टाक्या,
बोटाएवढे सॅल्मन प्रवाहाकडे तोंड करून
जागच्या जागी पोहताहेत.
मी एर्मेलिंदा वेन्चुमान.
मासे मोजते, मासे मारते, वही भरते.

आठ नंबरच्या खाद्यात यास्नाने जिवाणू मिसळलेत,
विरजणात असतात त्यांच्या भाऊबंदांपैकी.
सातमध्ये नुसतं खाद्य.
तुलनेसाठी कोणीतरी लागतं
ज्याला काहीच द्यायचं नाही.

बारा आठवडे, दर सोमवारी
बादलीत लवंगेच्या तेलाचे थेंब.
लहानपणी दाढ ठणकली की आई हेच लावायची,
त्यामुळे मासे कलंडतात तेव्हा
माझी हिरडी बधिर होते.
मग सुरी.
प्लीहा मसुराच्या डाळीएवढी, आतडं दोऱ्याएवढं.
द्रव नायट्रोजनमध्ये टाकलं की चुर्र होतं
आणि पेशी आपसात जे बोलत होत्या
ते अर्ध्या शब्दावर थिजतं.

यास्नाला तो अर्धा शब्दच हवा असतो.
"जनुकं दोन्ही टाक्यांत तीच," ती सांगते,
"कोणतं गप्प आहे, कोणतं बोलतंय, तेवढं बघायचं."
मी म्हटलं, म्हणजे आमच्या धक्क्यावरची कुत्री.
दात सगळ्यांनाच आहेत.
एक पोस्टमनवर रात्रंदिवस भुंकतं,
एक चोरापुढेही शेपूट हलवतं.
शहाणं कुत्रं कसं घडतं?
"दारावरून रोज शेजारी गेले पाहिजेत," यास्ना हसली.
"पोटात शेजारी राहायला आले
की परका कोण ते कळायला लागतं."

वाल्दिव्हियाहून आकडे आले.
आठमध्ये एक जनुक तिपटीने जागं,
दाह पेटवणारं दुसरं जरासं निवलेलं,
तिसऱ्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.
यास्ना खूश. मग तिने पान उलटलं.

सातमध्येही तेच.
थोडं कमी, पण तेच.

ज्यांना काही दिलं नव्हतं, त्यांना कोणी दिलं?
तीन दिवस तिने पोती तपासली, नळ्या तपासल्या,
तारखांवरून बोट फिरवलं.

तिसऱ्या संध्याकाळी मी बाबांकडे गेले.
सफरचंदांचा रस पिंपात ओतत होते.
पिंप बाहेरून लख्ख, आतून नाही.
"तळ घासायचा नसतो," दरवर्षीचं वाक्य,
"मागच्या साली राहिलेलं कोणीतरी घरात असू दे.
नाहीतर या पोराला कोण सांगणार
मोठं होऊन काय व्हायचंय ते?"

माझ्या हातातला लोटा तसाच राहिला.
जाळं.
हिरव्या दांड्याचं, आठचं.
सातचं निळं पाचव्या आठवड्यात तुटलं
आणि मी कोणाला बोलले नाही.
आठमध्ये बुडवायचं, झटकायचं, सातमध्ये बुडवायचं.
पाणी निथळलं म्हणजे झालं, असं वाटायचं मला.

सकाळी सांगून टाकलं.
यास्ना बराच वेळ काही बोलली नाही.
पत्र्यावर पाऊस.
मग तिने वहीत लिहिलं: जाळं एकच होतं.
खाली दोन रेघा. दुसऱ्या रेघेला कागद फाटला.

तीनशे साठ मासे.
एकेकाची प्लीहा मी चिमट्याने उचलली होती,
आणि आता ते कशाचाच पुरावा नव्हते.

नोकरी राहिली.
नवं जाळं आलं, निळं, त्याच्या दांड्यावर मोठ्ठा सात.
उरलेले मासे गुरुवारी तळ्यातल्या पिंजऱ्यात सोडले,
दोन्ही टाक्यांचे, एकाच नळीतून.
खाली गेल्यावर यास्नाने वाकून पाहिलं.
मीही पाहिलं.
सगळ्यांनी प्रवाह शोधून तोंडं फिरवली.

घरी येऊन हात धुतले,
साबणाने, कोपरापर्यंत, दोनदा.
बाबा म्हणाले, जरा पिंप धर.
धरलं.